अंजन-मारवेलचं बी आईचीच प्रत आहे का? रेणवीय मार्करने अपोमिक्सिस ओळखण्याची पद्धत

अंजन गवताच्या चांगल्या ठोंबावरून खुडलेलं बी माळावर फेकलं की तसंच गवत उगवतं, हा सोलापूर भागातल्या पशुपालकांचा अनुभव आहे. बाजरीचं किंवा मक्याचं असं होत नाही. त्यांच्या संकरित वाणाचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं की उंची, फुटवे, कणीस सगळं विस्कटतं. अंजनात ते होत नाही, कारण त्याचं बी बहुतांशी नर-मादी मीलनाशिवाय तयार होतं. बीमधला गर्भ आईच्या शरीरपेशीपासून वाढतो आणि रोप आईची जनुकीय प्रत असतं. या प्रकाराला अपोमिक्सिस म्हणतात.

पण ‘बहुतांशी’ या शब्दात सगळी मेख आहे. कोणता ठोंब शंभर टक्के प्रती देतो, कोणता मधूनच संकर होऊ देतो आणि कोणता पूर्णपणे लैंगिक आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. पैदास करणाऱ्याला लैंगिक झाड हवं असतं, कारण अपोमिक्टिक झाडाला मादी म्हणून वापरून संकर साधत नाही. बियाणं वाढवणाऱ्याला नेमकं उलट हवं असतं. म्हणून रेणवीय मार्करने, म्हणजे डीएनएमधल्या खुणांनी, ही ओळख पटवायची पद्धत सविस्तर लिहितो आहे. वनस्पतिशास्त्र आणि कृषी शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. साधी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवण्याची) प्रयोगशाळा असेल तर यातलं बरंचसं काम सोलापुरात बसून होण्यासारखं आहे.

गवताच्या बीजकात काय घडतं

बीजक म्हणजे फुलातला ज्याचं पुढे बी बनतं तो भाग. लैंगिक झाडात त्यात अर्धसूत्री विभाजन होऊन निम्म्या गुणसूत्रांचा भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी असलेला कोश, तयार होतो. त्यात आठ केंद्रकं असतात आणि अंडपेशीच्या विरुद्ध टोकाला अँटिपोडल पेशींचा पुंजका दिसतो. अंजन, मारवेल, गिनी गवत यांच्या अपोमिक्टिक झाडांत हा नेहमीचा भ्रूणकोश बहुधा मरतो आणि बीजकाच्या गाभ्यातली एखादी साधी शरीरपेशी फुगून भ्रूणकोशाची जागा घेते. याला अपोस्पोरी म्हणतात. हा कोश चार केंद्रकांचा असतो, त्यात अँटिपोडल पेशी नसतात आणि गुणसूत्रं पूर्ण, म्हणजे आईइतकीच असतात. अंडपेशी फलनाशिवाय गर्भ बनते.

तरीही परागण लागतंच. गर्भ आपला आपण वाढला, तरी त्याला पोसणारा भ्रूणपोष तयार व्हायला परागातली पुंपेशी यावी लागते. म्हणून ‘परागकण अडवले आणि बी धरलं नाही, म्हणजे झाड लैंगिक’ हा निष्कर्ष या गवतांत साफ चुकीचा ठरतो. पिशवी बांधून घेतलेली ही चाचणी प्रबंधांत अजूनही पुरावा म्हणून येते. ती वगळावी.

झाडं निवडताना

पहिली चौकशी प्रयोगशाळेत नाही, बांधावर करायची. हा प्लॉट बियांपासून लावला की ठोंबांपासून? मारवेल आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मुळासकट ठोंब फोडून लावतात. तिथला एकसारखेपणा लावणीमुळे आलेला असतो, बीबद्दल तो काहीही सांगत नाही. फुले जयवंतसारख्या बाजरी-नेपिअर संकराचं तर बीच धरत नाही. चौदा गुणसूत्रांची बाजरी आणि अठ्ठावीसचं हत्ती गवत यांच्या संकरातून आलेलं ते एकवीस गुणसूत्रांचं त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेलं) वांझ झाड आहे. ते कांड्यांवर वाढतं आणि त्याचा अपोमिक्सिसशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट गुणसूत्रसंख्येची. मारवेलमध्ये २० गुणसूत्रांची द्विगुणित झाडं लैंगिक असतात, तर ४० गुणसूत्रांची चतुर्गुणित झाडं साधारणपणे अपोमिक्टिक असतात, पण थोडीफार लैंगिकता राखून. गिनी गवतात लैंगिक द्विगुणित झाडं पूर्व आफ्रिकेत सापडली, १६ गुणसूत्रांची. आपल्याकडे पसरलेलं ३२ चं आहे. अंजन बहुतेक ३६ चं. मुळाच्या टोकावरून गुणसूत्रं मोजणं जमत असेल तर ते आधी करा. मारवेलचा नमुना २० चा निघाला, तर पुढची निम्मी शंका तिथेच मिटते.

नमुने गोळा करताना जागा पसरलेल्या घ्या. एकाच बांधावरचे पाच ठोंब बहुधा एकाच आईची लेकरं असतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून गवत, बी किंवा पान काहीही घ्यायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हातात हवी. हेच गवत अभयारण्याबाहेरच्या गायरानांवर आणि शेताच्या बांधांवरही मिळतं, तिथून सुरुवात करणं सोपं. प्रत्येक ठोंबाला क्रमांक द्या, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि ठोंबाचा एक तुकडा कुंडीत लावून ठेवा. सहा महिन्यांनी निकाल तपासायला आईच जिवंत नसेल, तर सगळी मेहनत अधांतरी राहते.

बी आणि रोपं

अंजनाच्या तुऱ्यावरून जी मऊ, केसाळ बोंडं झडतात, ती एकेक बी नसतात. एका बोंडात एकाहून अधिक दाणे असू शकतात. बोंड तसंच पेरून उगवलेली दोन रोपं सख्खी भावंडं समजू नका, एकाच दाण्यातली जुळी तर मुळीच नाही. दाणे हाताने सोलून एकेक वेगळा पेरा. याचा आणखी एक उपयोग होतो. एका सोललेल्या दाण्यातून खरोखर दोन रोपं आली, तर बीजकात एकाहून अधिक अपोस्पोरस कोश असावेत, अशी पहिली खूण मिळते. अशी जुळी रोपं वेगळी नोंदवा.

ताजं बी उगवत नाही. या गवतांच्या बियांना काही महिन्यांची सुप्तावस्था असते. पावसाळ्याच्या शेवटी गोळा केलेलं बी कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला किंवा पुढच्या जूनमध्ये ट्रेमध्ये टाका. सोललेला दाणा लवकर उगवतो, पण सोलताना गर्भ दुखावण्याची भीती असते. ब्लेड वापरू नका, खरबरीत रबरावर हलक्या हाताने चोळा.

किती रोपं हवीत? याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. एका आईची ३० रोपं तपासली आणि सगळी आईसारखी निघाली, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की लैंगिक रोपांचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी आहे. ६० रोपं तपासली तर ही मर्यादा ५ टक्क्यांवर येते, ३०० तपासली तर १ टक्क्यावर. सोपा आडाखा असा: तीनला रोपांच्या संख्येने भागा. आठ-दहा रोपांवर ‘पूर्ण अपोमिक्टिक’ असा शिक्का मारणारे अहवाल दिसतात. दहा रोपांवर मर्यादा पंचवीस टक्क्यांच्या वर राहते, म्हणजे त्या अहवालाने फारसं काही सिद्ध केलेलं नसतं.

पानापासून डीएनएपर्यंत

कोवळं पान घ्या, तिसऱ्या-चौथ्या पानाच्या अवस्थेतल्या रोपाचं. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात तोडलेलं पान तासाभरात सुकतं आणि डीएनए तुटायला लागतो. पान सकाळी लवकर तोडून कागदी पाकिटात घालायचं आणि ते पाकीट सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचं. बर्फाच्या पेटीपेक्षा हा उपाय खेड्यापाड्यांत जास्त भरवशाचा आहे. सिलिकाचा रंग बदलला की ते बदला.

डीएनए काढण्याची पद्धत सीटॅब या रसायनाची: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८. त्यात १ ते २ टक्के पीव्हीपी आणि वापरण्याच्या ऐन वेळी थोडं मर्कॅप्टोइथॅनॉल. ते धूरकक्षातच उघडा. पान बारीक कुटून ६५ अंशाला अर्धा ते एक तास ठेवा, क्लोरोफॉर्म-आयसोॲमिल अल्कोहोलने (२४ ला १) धुवा, आयसोप्रोपॅनॉलने डीएनए खाली बसवा, ७० टक्के इथॅनॉलने धुऊन विरघळवा आणि आरएनए काढून टाका. गवताच्या पानात चिकट शर्करा भरपूर असतात. डीएनएचा गोळा पारदर्शक जेलीसारखा, बोळ्यासारखा दिसला तर तीच भानगड आहे. क्लोरोफॉर्मची पायरी पुन्हा करा आणि बसवताना मिठाचं प्रमाण वाढवा. २६०/२८० चं गुणोत्तर (प्रकाश शोषणावरून काढलेला शुद्धतेचा आकडा) १.८ च्या आसपास आलं तरी नमुना जेलवर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शर्करा त्या आकड्यात पकडल्या जात नाहीत.

कोणता मार्कर

स्वस्त म्हणून आरएपीडीकडे हात जातो. दहा अक्षरांचा एकच प्रायमर (डीएनएला चिकटून प्रत सुरू करणारा छोटा तुकडा), ३६-३७ अंशाला चिकटवायचा, चाळीस-पंचेचाळीस आवर्तनं. पण मशीन बदललं, डीएनएचं प्रमाण बदललं की बँड (जेलवर दिसणारे डीएनएचे पट्टे) बदलतात. ‘हे रोप आईपेक्षा वेगळं आहे’ असं ठरवण्यासाठी एका बँडवर विसंबायचं असेल, तर असा डळमळीत बँड चालत नाही. आरएपीडी वापरायचंच असेल तर प्रत्येक नमुना दोनदा चालवा आणि दोन्ही वेळा आलेले बँडच मोजा. आयएसएसआर थोडं बरं. एएफएलपी भरवशाचं, पण खर्चिक आणि वेळखाऊ.

माझी पसंती एसएसआरला, म्हणजे डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या अक्षरमाळांच्या लांबीवर आधारलेल्या मार्करला, आहे, आणि त्याचं कारण चतुर्गुणित गवताच्या गणितात आहे.

आरएपीडीमध्ये बँड दिसतो किंवा दिसत नाही. चतुर्गुणित आईत त्या बँडची एकच प्रत असेल, तर स्वपरागणातून आलेल्या लैंगिक रोपांपैकी तीन-चतुर्थांश रोपांत तो बँड येणारच. दोन प्रती असतील तर छत्तीसपैकी पस्तीस रोपांत येतो. म्हणजे तो बँड ‘सगळ्या रोपांत आहे’ हे पाहून अपोमिक्सिस ठरवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आईत एक प्रत आहे की दोन, हे तर कळायला मार्ग नसतो, कारण आई अपोमिक्टिक असेल तर तिच्या लेकरांत विभाजन दिसतच नाही.

एसएसआरमध्ये गुणसूत्रावरच्या एकाच जागी आईचे चार वेगळे ॲलील (त्या जागेची वेगवेगळी रूपं) दिसू शकतात. चार वेगळे म्हणजे प्रत्येकाची एकच प्रत, हे तिथेच सिद्ध झालं. आता लैंगिक रोपाला स्वपरागणातूनही चारही ॲलील परत मिळणं अवघड होतं. चारही गुणसूत्रं एकमेकांशी जुळत असतील तर शक्यता सहात एक, ठरलेल्या जोड्यांनीच जुळत असतील तर जास्तीत जास्त चारात एक. सावधपणे चारात एक धरा. अशा पाच स्वतंत्र जागा निवडल्या, तर लैंगिक रोप योगायोगाने हुबेहूब आईसारखं दिसण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. परपरागण झालं असेल तर आईकडून अर्धेच ॲलील येतात, त्यामुळे ती शक्यता आणखी घटते.

म्हणून पहिल्या आठवड्यात रोपांना हातही लावू नका. उपलब्ध एसएसआर प्रायमर फक्त आयांवर चालवून पाहा. बाजरीसाठी बनवलेले बरेच प्रायमर अंजनात चालतात, कारण दोन्ही जवळची आहेत. ज्या जागी आईचे तीन-चार ॲलील दिसतात, त्या पाच-सहा जागा निवडा. एकच ॲलील दाखवणारी जागा कितीही स्वच्छ आली तरी टाकून द्या; ती लैंगिक आणि अपोमिक्टिक यांत काहीच फरक सांगत नाही. ॲलील दोन-चार अक्षरांच्या फरकाने वेगळे असतील तर साध्या ॲगरोज जेलवर ते मिसळून जातात. पॉलिॲक्रिलअमाइड जेल वापरा किंवा नमुने कॅपिलरी यंत्रावर पाठवा.

वेगळं निघालेलं रोप वाचायचं कसं

इथे घाई करू नका, कारण या कामातली सर्वांत मोलाची माहिती या थोड्या वेगळ्या रोपांतच असते.

आईचे सगळे ॲलील आहेत, नवीन काही नाही: प्रत.

आईचे काही ॲलील गेले आणि नवे आले: अर्धसूत्री विभाजन झालं आणि फलनही झालं. हे खरं लैंगिक रोप.

आईचे सगळे ॲलील आहेत आणि वर नवेही आहेत: अपोस्पोरस कोशातल्या पूर्ण गुणसूत्रांच्या अंडपेशीचं फलन झालं. आई चतुर्गुणित असेल तर हे रोप षट्गुणित निघावं. अपोमिक्टिक झाडात नवी विविधता शिरण्याची ही वाट पैदासकाराच्या कामाची असते. असं रोप फेकू नका.

काही ॲलील गेले, नवीन एकही नाही: इथे दोन अर्थ होतात. एक, स्वपरागणाचं लैंगिक रोप. दोन, अर्ध्या गुणसूत्रांच्या अंडपेशीपासून फलनाशिवाय आलेलं रोप. मार्कर यांत फरक करू शकत नाही. गुणसूत्रं मोजावी लागतात.

आणि एक पाचवा प्रकार, जो हमखास विसरला जातो. लैंगिक रोपातही आईचे काही ॲलील प्रत्येक जागी असलेच पाहिजेत. एखाद्या जागी आईचा एकही ॲलील नसेल आणि दुसऱ्या जागेवरही तसंच दिसत असेल, तर ते त्या आईचं मूल नाही. शेजारच्या ठोंबाचं बी वाऱ्याने येऊन मिसळलं. असं रोप मोजणीतून काढा, लैंगिकतेच्या टक्केवारीत धरू नका.

अपोस्पोरीला जोडलेला मार्कर

वरची पद्धत लेकरांवर चालते, म्हणजे बी धरेपर्यंत थांबावं लागतं. रोपावस्थेतच ठरवायचं असेल तर अपोस्पोरीच्या जागेला चिकटलेला मार्कर वापरतात.

हे संशोधन मुख्यतः बाजरीच्या रानटी नातेवाइकावर, पेनिसेटम स्क्वॅम्युलेटमवर झालं. १९९८ मध्ये ओझायस-एकिन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अपोस्पोरीशी जोडलेले मार्कर एका मोठ्या भागात एकत्र राहतात आणि त्यांच्यात जनुकीय अदलाबदल होत नाही. १९९९ मध्ये हाच भाग अंजनातही टिकून असल्याचं समोर आलं. या भागातलं बेबी बूम गटातलं एक जनुक २०१५ मध्ये लैंगिक बाजरीत घातलं, तेव्हा फलनाशिवाय गर्भ तयार झाले. म्हणजे हा मार्कर नुसता शेजारी राहणारा नाही, गर्भ वाढवण्याच्या कामाचा तो भाग आहे. ब्रॅकिॲरियातही याच जनुकाचे प्रायमर अपोस्पोरीसोबत वारशाने जाताना दिसले आहेत. पॅस्पॅलमचं मात्र वेगळं आहे. तिथली अपोस्पोरीची जागा भाताच्या बाराव्या गुणसूत्राच्या भागाशी मिळतीजुळती आहे. एका गवताचा मार्कर दुसऱ्यात आंधळेपणाने वापरू नये, याचं हे ठोस कारण.

वापरताना तीन गोष्टी सोडू नका. हा मार्कर ‘आहे-नाही’ पद्धतीचा असल्यामुळे पीसीआर फसला तरी ‘नाही’च दिसतं. म्हणून त्याच नळीत सर्व झाडांत येणारा दुसरा प्रायमर घाला, ॲक्टिन या जनुकाचा चालेल. तोही आला नाही तर निकाल रद्द. दुसरं, प्रत्येक जेलवर खात्रीचं अपोमिक्टिक झाड, खात्रीचं लैंगिक झाड आणि डीएनए नसलेली नळी असलीच पाहिजे. अंजनात लैंगिक झाड मिळणं हीच मोठी अडचण असते. १९६२ मध्ये बॅशॉ यांनी टेक्ससमधल्या अशा झाडाची नोंद केली, तेव्हा अंजनाच्या पैदाशीला वाट फुटली. तसं झाड हाताशी नसेल तर साधी लैंगिक बाजरी घ्या. नियंत्रण अपुरं ठरतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. तिसरं, मार्कर आहे म्हणजे झाडाकडे क्षमता आहे. ते किती टक्के बी मीलनाशिवाय देतं, हे फक्त लेकरांची तपासणी सांगते.

संकरातून आलेल्या पिढीत हा मार्कर खरा कामाला येतो. लैंगिक मादी आणि अपोमिक्टिक नर असा संकर केला की लेकरांत साधारण निम्मी अपोमिक्टिक निघतात, कारण नराकडे त्या भागाची एकच प्रत असते. शेकडो रोपांतून निम्मी रोपावस्थेतच वेगळी करता आली, तर जागा, पाणी आणि एक अख्खा हंगाम वाचतो. सोलापूरसारख्या बेभरवशाच्या पावसाच्या जिल्ह्यात ही बचत फार मोठी आहे.

सूक्ष्मदर्शकाची साक्ष

मार्करचा निकाल किमान पाच-सहा झाडांवर बीजक पाहून पडताळा. अंजनात किंजल्क आधी बाहेर येतात, परागकोश नंतर. किंजल्क दिसताच फुलं फॉर्मॅलिन, ॲसेटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात एक-दोन दिवस ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये साठवा. किंजपुट वेगळे काढून अल्कोहोलचं प्रमाण टप्प्याटप्प्याने शंभरपर्यंत न्या आणि शेवटी मिथाइल सॅलिसिलेटमध्ये टाका. उती पारदर्शक होते आणि डीआयसी (पारदर्शक उतीतले बारकावे उठावदार दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूणकोश कापल्याशिवाय दिसतो. १९७९ मध्ये यंग, शेरवुड आणि बॅशॉ यांनी गवतांसाठी मांडलेली ही पद्धत आजही चालते. अँटिपोडल पेशींचा पुंजका दिसला तर कोश लैंगिक. एक किंवा अनेक कोश, अँटिपोडल नाहीत, तर अपोस्पोरी. एकाच झाडात दोन्ही दिसले तर दोन्ही मोजून लिहा.

बीवर फ्लो सायटोमेट्री (पेशींतल्या डीएनएचं प्रमाण यंत्राने मोजणं) करून गर्भ आणि भ्रूणपोष यांच्या डीएनएचं गुणोत्तर काढायचा सल्ला सर्रास दिला जातो. पॅस्पॅलममध्ये तो उपयोगी आहे, तिथे अपोमिक्टिक बीमध्ये २ ला ५ असं गुणोत्तर येतं. अंजन, मारवेल, गिनी गवतात तो फसतो. त्यांच्या चार केंद्रकी कोशात ध्रुवीय केंद्रक एकच असतं, ते पूर्ण गुणसूत्रांचं, आणि त्यात अर्ध्या गुणसूत्रांची पुंपेशी मिसळते. गुणोत्तर २ ला ३ येतं, अगदी लैंगिक बीसारखंच. या गवतांसाठी तेवढ्याकरता नमुने बाहेरगावी पाठवून पैसे घालवू नका. वेगळ्या निघालेल्या रोपांच्या पानांची गुणितता मोजायला मात्र ते यंत्र उत्तम.

निकाल लिहिताना

‘झाड अपोमिक्टिक आहे’ एवढंच लिहून थांबू नका. किती रोपं तपासली, किती जागा वापरल्या, प्रत्येक जागी आईचे किती ॲलील होते, वेगळी रोपं कोणत्या प्रकारची निघाली, परकी म्हणून किती काढली आणि लैंगिकतेची वरची मर्यादा किती, हे सगळं आकड्यांत द्या. हंगामही लिहा, लैंगिकतेचं प्रमाण वातावरणानुसार बदलू शकतं. त्यामुळे ज्या ठोंबाचं बी मोठ्या प्रमाणावर वाढवायचं असेल, त्याची रोपं पावसाळ्यातल्या आणि उन्हाळी पाण्यावरच्या अशा दोन्ही फुलोऱ्यांतल्या बियांवरून तपासा, आणि उरलेलं बी व कुंडीतला मूळ ठोंब निकाल छापून होईपर्यंत जपून ठेवा.